अक्कलदाढेची रजा

माझ्या अंगावरून फार जायचं. चार वर्षं जात होतं. आज हे वाक्य मी कागदावर सरळ लिहिते आहे, पण गेल्या श्रावणात तेच तोंडाने बोलायची वेळ आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. स्वारगेटच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत डोकं घालून त्याचं वेळापत्रक त्यालाच वाचून दाखवणारी बाई मी. सोसायटीच्या सभेला मी उभी राहिले की मागच्या रांगेतले लोक चपला शोधायला लागतात. अशी मी, विजयमाला, चारचौघांत सांगून मोकळी झाले की माझी अक्कलदाढ काढायची आहे.

फटकळ बाई फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत फटकळ असते, हा शोध मला सेहेचाळिसाव्या वर्षी लागला. उशिरा लागला, पण पक्का लागला.

फार जायचं म्हणजे किती, हे बायकांना सांगायची गरज नाही आणि पुरुष पान उलटतील, तरी सांगते. महिन्यातले नऊ दिवस. एकावर एक दोन पॅड, वर जुन्या चादरीचा तुकडा. कॉलेजच्या ऑफिसात मी हेडक्लार्क. तिथे खुर्चीवरून उठताना आधी खुर्चीकडे बघायचं, मग साहेबांकडे. सगळे कपडे काळे, नाहीतर चॉकलेटी. त्यावर लोक म्हणायचे, विजयमालाबाईंची आवड गंभीर आहे. औषधाच्या दुकानातला माणूस पॅडचा पुडा आधी वर्तमानपत्रात गुंडाळणार, मग काळ्या पिशवीत घालणार, मग इकडेतिकडे बघून हातात देणार. जणू मी गावठी कट्टा विकत घेते आहे. मी त्याला एकदाही म्हटलं नाही की बाबा, नुसता दे. मीही इकडेतिकडे बघूनच घ्यायचे.

शेवटी जिना चढताना पहिल्या मजल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. नणंदबाई द्वारकाताई, घरच्या म्हणून त्यांना तेवढं माहीत होतं, त्यांनी फोनवरच निकाल दिला, ‘पिशवी काढून टाक.’ त्यांनी स्वतःची काढली, जावेची काढायला लावली, आणि आता गर्भाशयाकडे त्या माळ्यावरच्या जुन्या होल्डॉलसारखं बघतात. वापर नाही ना, मग जागा कशाला अडवायची.

बिबवेवाडीतल्या डॉक्टरबाई मात्र वेगळं बोलल्या. सोनोग्राफी झाली, आतला तुकडा तपासायला गेला, त्यात वाईट काही निघालं नाही. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गोळ्या आहेत, त्या मी दोन वर्षं खाऊन बसले होते. संप्रेरक सोडणारी छोटी कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवता येते, पाच वर्षं बघायला नको. नाहीतर पिशवीत एक बारका फुगा घालायचा, त्यात गरम पाणी फिरवायचं आणि आतलं अस्तर भाजून टाकायचं. मुलं आणखी नको असतील तरच. मी म्हटलं, एक आहे, तोच फोन उचलत नाही. ‘मग फुगा,’ त्या म्हणाल्या. हे सगळं इथेच, दवाखान्यातल्या खुर्चीवर. भरती नाही, टाके नाहीत, पूर्ण भूलसुद्धा नाही. फुगा आत असतो आठ मिनिटं. दुपारी घरी जाऊन वरणभात खायचा.

अटी दोनच. पाळी संपल्यावर लगेच करायचं, म्हणजे पुढच्या आठवड्यातला गुरुवार, सकाळी अकरा. तो हुकला की पुढची पाळी अंगावर घ्यायची, आणि सातच्या हिमोग्लोबिनला ती झेपणार नाही, मग आधी रक्त चढवायला भरती व्हायचं. आणि दुसरं म्हणजे सोबत माणूस हवा. तो शेवटपर्यंत इथे बसलेला हवा, नाहीतर त्या सुरूच करत नाहीत. मागे एक बाई एकटी रिक्षाने निघाली आणि चौकात चक्कर येऊन पडली होती.

आठ मिनिटांचं काम. मी आनंदाने ऑफिसात गेले आणि रजेचा अर्ज लिहायला बसले. तिथेच घोडं अडलं.

आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जात ‘वैयक्तिक कारण’ चालत नाही. तशी पाटीच आहे: ‘वैयक्तिक हे कारण नव्हे. कारण स्पष्ट लिहावे. अस्पष्ट अर्ज परत केले जातील.’ ती पाटी मी लावलेली आहे. अक्षरही माझंच. आणि मंजूर झालेले अर्ज टाचून ठेवतात ती फाइल टेबलावर उघडी असते, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणीही चाळतो. बारा वर्षं मी लोकांच्या मूळव्याधी आणि मेहुण्यांची लग्नं त्या फाइलला टाचली. आता पेन माझ्या हातात, कागद माझ्यापुढे, आणि डोक्यावर माझीच पाटी.

दाढ मला दवाखान्यामुळे सुचली. डॉक्टरबाईंचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर दंतवैद्य. जिना एकच. कुणी बघितलं तरी हरकत नाही. खोटं बोलताना पत्ता खरा असावा, एवढी अक्कल मला होती. लिहिलं, ‘अक्कलदाढ काढणे, दोन दिवस.’

आमचे रजिस्ट्रार दत्तप्रसाद सर. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि मला स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. त्यांनी तीन दाढा काढल्या होत्या, तिन्ही मधल्या सुट्टीत. मी म्हटलं, माझी आडवी आहे. ते म्हणाले, त्यांची दुसरीही आडवी होती. मग मी ती हाडात रुतवली. ते एक्स-रे बघू म्हणाले. मी एक्स-रे डॉक्टरांकडे ठेवला. असं करत करत पाच मिनिटांत ती दाढ माझ्या जबड्यातून कानापर्यंत गेली, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. परत येताना मी गाल धरून चालत होते, आणि खरं सांगते, थोडं दुखायलाही लागलं होतं.

बातमी माझ्या आधी सोसायटीत पोचली. खालच्या मजल्यावरच्या कुसुमकाकू हातात लवंगेचं तेल घेऊन दारात उभ्या. त्यांनी माझा ताबाच घेतला. मिठाच्या गुळण्या. चावायचं काही नाही. दोन्ही वेळा पेज त्या स्वतः आणून द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर बसायच्या. डॉक्टरबाईंनी मला रक्त वाढायला पालेभाजी, खजूर, चणे लिहून दिले होते. ते सगळं टणक ठरवून काकूंनी बंद केलं. ज्या आठवड्यात मला लोखंड खायला हवं होतं त्या आठवड्यात मी तांदळाचं पाणी प्यायले, आणि तेही आभार मानून.

श्रावणातल्या शुक्रवारी त्यांच्याकडेच हळदीकुंकू होतं. खरं तर माझा पाळीचा पाचवा दिवस. पूर्वी बायका ‘मला अडचण आहे’ म्हणून घरी बसायच्या. पण दाढेच्या बाईला अडचण कशी असेल, म्हणून गेले. मसाल्याचं दूध आणि मूठभर फुटाणे हातात आले. तीन दिवसांच्या पेजेनंतर ते फुटाणे बघून माझं भान सुटलं. मी ते कडाकडा फोडून खाल्ले. मूठ संपली तेव्हा खोलीत शांतता होती.

‘सुटलेली दिसतेय दाढ,’ कुसुमकाकू म्हणाल्या.

मी झटकन गाल धरला. डावा. परवापर्यंत उजवा होता. कळ इकडून तिकडे जाते, असं मी सांगितलं. अकरा बायकांनी मान हलवली, एकीनेही विश्वास ठेवला नाही, आणि एकीनेही पुढे विचारलं नाही. हा मला तेव्हा पुणेरी कुजकेपणा वाटला होता.

पण सगळ्यांत मोठा घोटाळा केला तो तात्यारावांनी. ते सोसायटीचे चेअरमन, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, विधुर, आणि परोपकारी. परोपकारी माणसाइतकं नुकसान शत्रू करत नाही. त्यांची कवळी त्याच पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे तयार होत होती. त्यांनी आपली वेळ बदलून गुरुवार सकाळ अकराची करून घेतली. म्हणजे माझ्या यजमानांना, श्यामसुंदरना, सोबत होईल.

श्यामसुंदर हा माणूस खोटं बोलू शकत नाही आणि खरं बोलायला घाबरतो. असा माणूस संसाराला उत्तम, कटाला निरुपयोगी. गुरुवारी स्कूटरवरून उतरून आम्ही जिना चढलो, तर पहिल्या मजल्यावरच्या बाकावर तात्याराव शेजारची जागा रुमालाने अडवून बसलेले. ‘या श्यामराव, बसा.’ हे बसले. तात्याराव मला म्हणाले, आत जा. मी म्हटलं, एक्स-रे वर काढतात, आणि वर निघाले. यांनी पाठोपाठ यायचं असं घरून तीनदा घोकून घेतलं होतं. मी वळून बघितलं, तर तात्यारावांचा हात यांच्या मांडीवर आणि विषय सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा.

दुसऱ्या मजल्यावर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, सोबत कोण? येताहेत, म्हटलं. अकरा वाजले. अकरा दहा झाले. दुखू नये म्हणून दिलेली गोळी मी घरूनच खाऊन आले होते, तिने पाय हलके पडायला लागले. मी यांना फोन लावला, यांनी कापला. मग मेसेज आला, ‘तात्याराव उठू देत नाहीत.’

डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्या चिडल्या नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाल्या की साडेअकराला दुसरी पेशंट आहे, माणूस नसेल तर आज राहू दे, रक्त चढवण्यासाठी चिठ्ठी लिहून देते. मला सरळ खाली जाऊन ‘अहो, चला’ म्हणता आलं असतं. पंधरा पायऱ्या. त्या पंधरा पायऱ्यांखाली तात्याराव होते, आणि ते विचारणार होते की कुठे. मी दारात उभी राहिले. चार वर्षं जे अंगावरून गेलं ते आणखी एक महिना, आणि हातात सुई घालून दुसऱ्याचं रक्त, हे मला त्या पंधरा पायऱ्यांपेक्षा सोपं वाटत होतं. एवढी मी फटकळ.

तेवढ्यात जिन्यावरून सृष्टी वर आली.

सृष्टी आमच्या ऑफिसातली नवीन मुलगी. चोवीस वर्षांची, परभणीची, इथे लेडीज हॉस्टेलला राहते, कामाला वाघीण आणि बोलायला मोजकी. शिक्क्याच्या कपाटाची किल्ली मी पर्समध्ये घालून घरी नेली होती आणि तिकडे परीक्षेचे दीडशे फॉर्म शिक्क्याविना अडले होते. ती दंतवैद्याकडे आली, तात्यारावांनी तिला एक्स-रेसाठी वर पाठवलं.

तिने आधी दारावरची पाटी वाचली, ‘स्त्रीरोग व प्रसूती’. मग माझा न सुजलेला गाल बघितला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काउंटरवरच्या बाई तिला म्हणाल्या, ‘अगं सृष्टी, तुझी तारीख पुढच्या गुरुवारची ना?’

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

सृष्टीने विचारलं नाही काही. काउंटरकडे वळून म्हणाली, ‘मॅडमसोबत मी आहे. कुठे सही करू?’ फॉर्मवर पेशंटशी नातं लिहायचा रकाना होता. तिथे तिचं पेन थांबलं.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘स्पष्ट लिहू?’

तिने ‘सहकारी’ लिहिलं. मला त्या शब्दाची लाज वाटली, कारण तो खरा नव्हता; सहकाऱ्यासारखी मी तिच्याशी कधी वागलेच नव्हते.

आतल्या त्या आठ मिनिटांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुया टोचल्या, पोटात घट्ट पिळा बसला, बाळंतपणाच्या सुरुवातीच्या कळांसारखा, आणि डॉक्टरबाई समोरच्या यंत्रावरची मिनिटं मोठ्याने वाचत होत्या. सृष्टीला त्यांनी माझ्या डोक्याशी उभं केलं होतं. पाचव्या मिनिटाला कळ जोरात आली तेव्हा मी तिच्याकडे हात पुढे केला. तिला वाटलं मी किल्ली काढून द्यायला पर्स मागते आहे. तिने पर्स माझ्या हातात दिली. उरलेली तीन मिनिटं मी माझी पर्स धरून काढली.

नंतर तासभर पडून राहायचं होतं. पोटावर गरम पाण्याची पिशवी, हातात चहा. सृष्टी खुर्चीवर. मी विचारलं, तुला काय होतंय. तिने मोबाईलवरची नजर न काढता सांगितलं, आत गाठ आहे, छोटी, त्यामुळे फार जातं. दुर्बिणीतून बघून इथेच काढणार, अर्ध्या तासाचं काम. खरं तर जूनमध्येच काढायची होती.

‘मग?’

‘तुम्ही रजा दिली नाहीत ना.’

तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. मला हळूहळू सगळं आठवायला लागलं. जूनमध्ये तिने अर्ज दिला होता, कारण ‘पोटदुखी’. मी लाल पेनाने लिहिलं होतं, ‘कोणत्या प्रकारची? कधीपासून?’ तिने दुसरा दिला, ‘पोटाचा त्रास’. तोही परत. तिसऱ्यात तिने ‘वैयक्तिक’ लिहिलं, आणि मी तिला सगळ्यांसमोर उभं करून पाटीकडे बोट दाखवलं. प्रवेशाची गर्दी होती. त्याच आठवड्यात ती झेरॉक्स मशीनपाशी भोवळ येऊन पडली. मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले होते की आजकालच्या मुली जेवत नाहीत, बारीक व्हायचं असतं. आणि तिला माझ्या डब्यातली अर्धी पोळी दिली होती. ती अर्धी पोळी मी आजपर्यंत माझ्या चांगुलपणात धरत होते.

मी विचारलं, मग पुढे काय केलंस. ‘रक्त चढवलं,’ ती म्हणाली. ‘दोन बाटल्या. शनिवार-रविवारी केलं, म्हणजे रजा लागली नाही.’

माझ्या हातातल्या चहावर साय धरली होती. तिच्याएवढंच, नऊ दिवस, दोन-दोन पॅड, तिच्यापासून चार हातांवर बसून मी भोगत होते. मला कळायला हवं होतं. मलाच कळायला हवं होतं. तिचे कपडेही काळे आणि चॉकलेटीच असायचे, आणि मला वाटायचं की पोरगी माझी नक्कल करते.

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर गडबड ऐकू आली. तात्याराव वर आले होते, नवी कवळी लावून, श्यामसुंदरांना दंडाला धरून. खालच्या दंतवैद्यांनी आपल्याकडे अशी कुणी पेशंटच नाही म्हटल्यावर त्यांनी इमारत धुंडाळायला घेतली होती. दार उघडंच होतं. बाहेर पाच-सहा बायका बसलेल्या. तात्यारावांनी पाटी वाचली, नव्या दातांतून हवा सोडली आणि विचारलं, ‘निघाली का दाढ?’

मी उठून बसले. सृष्टी बघत होती, म्हणून मी बोलले. ती नसती तर मी नक्की सांगितलं असतं की दाढ फार खोल होती.

‘दाढ नाही, तात्याराव. माझ्या अंगावरून फार जायचं. चार वर्षं. पिशवी आतून भाजून घेतली आहे. दाढ वगैरे सगळं खोटं होतं.’

बाहेरच्या बायका मासिकं वाचायच्या थांबल्या. श्यामसुंदर स्वतःच्या चपलांकडे बघत होते, पण मग, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच, ते चारचौघांत माझ्या कॉटपाशी येऊन उभे राहिले. तात्याराव म्हणाले, ‘म्हणजे कुसुमबाईंना पेज बंद करायला सांगतो.’ जायला वळले, पुन्हा थांबले. ‘आमच्या हिचं अपेंडिक्स दोनदा काढलं होतं. मला तेव्हाच विचारायला हवं होतं.’ आणि कवळी सांभाळत खाली गेले.

अकरा बायका, फुटाणे आणि ती शांतता मला तेव्हा नव्याने कळली; त्यांतल्या प्रत्येकीची अशी एखादी दाढ असणार. पण ते असो.

तासाभराने सुटी झाली. यांनी मला धरून जिन्यापर्यंत आणलं. सृष्टी किल्ली घेऊन पुढे निघाली होती. मी तिला हाक मारली आणि म्हटलं, पुढच्या गुरुवारी तुझ्यासोबत मी येते. मला वाटलं होतं तिचे डोळे भरतील. माणूस शरमेतसुद्धा स्वतःसाठी चांगला प्रसंग लिहून ठेवतो.

‘नको मॅडम,’ ती म्हणाली. ‘रूममेटला सांगितलंय. ती काही विचारत नाही.’

ती पायऱ्या उतरायला लागली. मधल्या वळणावर थांबली आणि वर बघितलं. ऑफिसच्या वेळेत बाहेर पडलं की आमच्याकडे हालचाल नोंदवहीत कुठे आणि कशाला गेलो ते लिहावं लागतं, आणि ती दोन तास बाहेर होती.

‘वहीत काय लिहू?’

‘खरं लिही,’ मी म्हटलं.

‘कुणाचं? तुमचं की माझं?’

मी कठड्याला धरून उभी होते. पोटात अजून कळ होती, आणि खालून दंतवैद्याच्या मशीनचा आवाज येत होता. ‘माझं’ एवढाच शब्द होता. तो तोंडातून निघाला तेव्हा ती रस्त्यावर पोचून रिक्षात बसली होती, आणि तो ऐकायला माझ्याजवळ श्यामसुंदर तेवढे होते.